'इफ'नंतर 'विल' कधीच येत नाही? नियम अर्धाच खरा

'इफच्या वाक्यात विल लिहिलं की वाक्य चूकच', असा एक नियम इंग्रजीचा सराव करणाऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. तो सरसकट लावू नका.

निव्वळ अट असेल तिथे तो बरोबर आहे: 'इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.' गोष्ट भविष्याची, क्रियापद वर्तमानकाळाचं. यात नवल कसलं? आपण तर 'पाऊस आला तर' म्हणताना थेट भूतकाळाचं रूप वापरतो!

पण 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. इथला 'इफ' म्हणजे 'जर' नव्हेच. 'तो येईल की नाही' यातला 'की' आहे तो. तरी बिचाऱ्या या वाक्यावरही लाल शाई सांडते.

'इफ यू विल वेट अ मोमेंट' हेही चालतं, कारण तिथे 'विल' काळ दाखवत नाही, थांबण्याची विनंती करतो. आणि 'इफ इट विल हेल्प, आय विल कम' यात मदत हा येण्याचा परिणाम आहे, आधी पुरी व्हायची अट नाही.

'वुड'चंही तसंच. 'मला माहीत असतं तर' यासाठी 'इफ आय वुड नो' चूक, 'इफ आय न्यू' बरोबर. मात्र 'इफ यू वुड साइन हिअर' ही अदबशीर विनंती चालते.