लेन्स तांदळात ठेवू नका, यूव्ही फिल्टरची घाई करू नका

दसऱ्याला भाच्याने पहिला कॅमेरा घेतला. खोक्यावरचं हळदकुंकू वाळायच्या आत त्याच्या फोनवर तो निरोप येऊन पडला. नाशिकमधल्या हौशी छायाचित्रकारांच्या निदान चार ग्रुपवर मी तो वाचलाय, दर वेळी 'जसा आला तसा पुढे'. मजकूर थोडक्यात असा: यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसवायची, अतिनील किरण अडवणारी काच) लावल्याशिवाय लेन्स बाहेर काढू नका, त्याने फोटोही स्वच्छ येतो. मेमरी कार्ड सगळ्यात मोठ्या आकड्याचं घ्या. ट्रायपॉड कुठलाही चालतो. बॅटरी फक्त कंपनीचीच. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) घेऊ नका, ते काम आता सॉफ्टवेअर करतं. आणि पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर पैसे घालवण्यापेक्षा लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवा.

"मावशी, यातलं काय काय आणू?" त्याने यादी करायला कागद घेतला होता. त्याला तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते.

यूव्ही फिल्टरने फोटो स्वच्छ येतो, याला फिल्मच्या काळात आधार होता. फिल्मला अतिनील किरण जाणवायचे, त्यामुळे डोंगरावरून लांबचं दृश्य टिपलं की सगळ्यावर निळसर धूसरपणा यायचा. डिजिटल कॅमेऱ्यात ते किरण अडवणारी काच सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, तोंडाशीच बसवलेली असते. बाहेरून आणखी एक लावणं म्हणजे छपराखाली छत्री उघडणं. ब्रह्मगिरीवरून दिसणारा धूरकटपणा बहुतेक बाष्पाचा आणि धुळीचा असतो, तो या काचेने हटत नाही.

उलट तोटा होतो. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ लेप) नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि फिल्टरला पृष्ठभाग दोन. भर दुपारी हे कळतही नाही. पण त्रिपुरी पौर्णिमेला रामकुंडावर उभे राहा. काळोखं पाणी आणि त्यावर दिव्यांच्या ज्योती. सेन्सरवर पडलेला प्रकाश मागे फिरून फिल्टरवर आपटतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. फोटोत खाली उजवीकडे ज्योत असेल, तर वर डावीकडे मध्यापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर हिरवट ठिपका. मी पहिल्या वर्षी ते ठिपके पाहून लेन्सच खराब निघाली म्हणून दुकानात भांडायला निघाले होते. फिल्टर काढला आणि ठिपके गेले. घरी करून पाहायचं तर अंधाऱ्या खोलीत एक निरांजन पुरे.

राहिला संरक्षणाचा मुद्दा. 'फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फिल्टरची काच पातळ असते, ती लवकर फुटणारच. तिच्यामागची भिंगाची जाड काच त्याच धक्क्याने फुटली असती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. फुटक्या तुकड्यांनी भिंगावर चरे मात्र पडू शकतात. माझं मत हूडच्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या नळकांड्याच्या, बाजूने आहे. तो प्लास्टिकचा असल्याने धक्का स्वतःवर घेतो, बाजूचं ऊन अडवतो, आणि फोटोत काही भर घालत नाही. कॅमेऱ्याबरोबरच येणाऱ्या बऱ्याच किट लेन्ससोबत तो मिळत नाही, वेगळा मागावा लागतो. एका दिवशी मात्र मीही फिल्टर लावते. रंगपंचमीला तिवंध्याच्या किंवा दिल्ली दरवाजाच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळ) जायचं असेल तेव्हा. तिथला रंग भिंगावरून पुसण्यापेक्षा फिल्टर धुतलेला बरा.

आता कार्ड. पाकिटावर ठळक छापलेला सेकंदाला १७० किंवा २०० मेगाबाइट हा आकडा बहुधा वाचनाचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर फोटो घेतानाचा. आपल्याला टिपताना हवा असतो लेखनाचा वेग, आणि तो बारीक अक्षरात कुठेतरी असतो किंवा नसतोच. शिवाय कॅमेऱ्यातला कार्ड घालायचा खाचा यूएचएस-१ या प्रकारचा असेल तर त्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. मागच्या बाजूला पिनांची दुसरी ओळ असलेलं महागडं यूएचएस-२ कार्ड त्यात बसेल, चालेल, पण पळेल जुन्याच चालीने.

पाहायचं ते इंग्रजी व्ही अक्षर आणि पुढचा आकडा. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. आता हिशोब करा. पुष्कळ हौशी कॅमेरे फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने लिहितात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले १२.५ मेगाबाइट. व्ही ३० त्याला सहज पुरतं. खरी घाई होते ती नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात रोहित पक्षी उडाले आणि तुम्ही बोट दाबून धरलं तेव्हा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) २५ ते ३० मेगाबाइटची, सेकंदाला ८ फोटो धरले तर २०० मेगाबाइटच्या वर गेलं. तिथे सुरुवातीला कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे आतली तात्पुरती साठवण, सांभाळतो आणि तो भरला की वेग मंदावतो. यूएचएस-१ खाच्यात कितीही भारी कार्ड घाला, हे टळत नाही. बोट जरा आधी उचलायला शिकावं लागतं.

मोठ्या क्षमतेबद्दल एवढंच, की २५६ जीबीच्या एकाऐवजी ६४ जीबीची दोन घ्या. एकात साधारण २००० रॉ फोटो मावतात. आणि नवं कार्ड आणलं की आधी काठोकाठ भरा, मग सगळं परत संगणकावर उतरवून शेवटच्या फाइली उघडून पाहा. नकली कार्ड आपली क्षमता खोटी सांगतं आणि भरत आलं की मागचंच पुसून त्यावर लिहितं. मला हे एका लग्नानंतर कळलं. माझं नव्हतं लग्न, पण वधूची आई अजून बोलत नाही.

ट्रायपॉड कुठलाही चालत नाही. हजार रुपयांचा ट्रायपॉड फोनला ठीक, पण त्याचा मधला दांडा वर ओढून वर कॅमेरा बसवला की वाऱ्याची झुळूकही फोटोत दिसते. आपल्या कॅमेऱ्याचं आणि सगळ्यात जड लेन्सचं मिळून जे वजन होईल, त्याच्या दुप्पट पेलणारा बघा. वेगळा रिमोट लागत नाही, २ सेकंदांचा टायमर कॅमेऱ्यातच असतो. (त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून ते पडद्यावर वाढताना दाखवलं. मधे कॅमेरा बोटभर सरकला असता तर सगळी मेहनत फुकट.) पक्ष्यांसाठी मात्र मी ट्रायपॉड नेतच नाही. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात मूग भरलेत. निरीक्षण मनोऱ्याच्या कठड्यावर ती ठेवायची, वर लेन्स टेकवायची.

बॅटरीबाबत निरोप अर्धा खरा आहे. दुसऱ्या कंपनीची चांगली बॅटरी मी वापरते, काही कॅमेऱ्यांवर तिची पातळी नीट दिसत नाही एवढंच. ओळखायची खूण छापलेल्या आकड्यात आहे. माझ्या मूळ बॅटरीवर १०४० एमएएच (किती वीज साठते त्याचं माप) लिहिलंय. तेवढ्याच आकाराची, १८०० लिहिलेली बॅटरी कुणी पुढे केली तर ती आहे तिथेच ठेवा. तेवढ्या जागेत जवळपास दुप्पट विजेची सोय कुणी करून ठेवलेली नाही. फुगलेली बॅटरी मूळ कंपनीची असली तरी फेकायचीच, आणि तीही ई-कचऱ्यात.

पोलरायझरचं काम सॉफ्टवेअर करतं, हे लिहिणारा पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याला गेलेला नसावा. तिथला ओला काळा पाषाण आभाळाच्या झगमगाटाने पांढरा दिसतो. पोलरायझर फिरवला की ती चकाकी उतरते आणि खडकाचा रंग वर येतो. चकाकीखाली जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर संगणकात आणणार कुठून? आकाश गडद निळं करणं सॉफ्टवेअरला जमतं, हे कबूल. पोलरायझरची किंमत म्हणून १ ते २ स्टॉप प्रकाश जातो, म्हणजे निम्मा ते पाऊण, आणि वाइड लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा काळवंडतो. घ्यायचा तर आपल्याकडच्या सगळ्यात रुंद तोंडाच्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या. ते माप लेन्सच्या पुढच्या कडेवर मिलिमीटरमध्ये असतं, ५५, ५८, ६७ असं. लहान तोंडाच्या लेन्सवर तोच बसवायला स्टेप-अप रिंग नावाची कडी मिळते.

आणि तांदूळ. निरोपातला हा सगळ्यात घातक सल्ला, कारण तो स्वस्त आणि घरगुती वाटतो. कोरडा तांदूळ ओल शोषतो ती सिलिका जेलच्या मानाने नगण्य, आणि त्याचं पीठ मात्र झूमच्या फटींत जातं. तांदळातल्या किड्यांचं तर बोलायलाच नको.

माझी पहिली टेलिफोटो (लांबचं टिपणारी) लेन्स मी तिच्या चामडी पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवली होती, जून ते सप्टेंबर. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खायलाही घालतं. गणपतीनंतर लेन्स उजेडाकडे धरली तर आतल्या भिंगावर कोळ्याने विणावं तसं जाळं. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसलं, पण बुरशीने कोटिंग खाल्लेलं भरून येत नाही. अजूनही समोरून ऊन आलं की ती लेन्स फिकट चित्र देते.

आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला फावतं. म्हणून डब्यात ४० ते ५० राखायची. विजेवर चालणारं कोरडं कपाट उत्तम, पण एक कॅमेरा आणि दोन लेन्सला रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके असलेला डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल धरल्यावर त्याचा रंग बदलतो. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, आणि ते विषारी. कुठलंही असो, तापवून कोरडं करायला जुनी कढई कायमची वेगळी काढा. हरिहर किल्ल्यावरून भिजून आलात तर कॅमेरा थेट डब्यात कोंडू नका, आधी रात्रभर पंख्याखाली. आणि इगतपुरीकडे जाताना बॅग एसीच्या झोतासमोर नको, उतरल्या उतरल्या काचेवर वाफ धरते.

भाच्याने कागदावरच्या सहापैकी पाच गोष्टी खोडल्या. पोलरायझर उरला, तोही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबेल. मग आम्ही दोघं गाडीवर भांडी बाजारात गेलो आणि दहा लिटरचा डबा घेतला. दुकानदाराने विचारलं, "पापडासाठी का?"