‘मानसशास्त्रात बीए करा, दोन-तीन वर्षांत कर्ज फिटेल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे: देशात मानसोपचाराची प्रचंड गरज आहे, त्यामुळे मानसशास्त्राच्या पदवीधराला काम कमी पडणार नाही, बीए होताच काउन्सेलिंग सुरू करता येतं आणि तासाला दीड-दोन हजार मिळतात, म्हणून नामांकित खासगी विद्यापीठात कर्ज काढून प्रवेश घ्या, व्याज सरकार भरतं, मुद्दल दोन-तीन वर्षांत फिटतं. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. माझा त्याच्यावर जीव आहे, म्हणूनच हा मेसेज मला छळतो.

गरज आहे, हे खरंच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. पण गरज असणं वेगळं आणि पगाराची जागा असणं वेगळं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत अख्ख्या जिल्ह्यामागे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं) पद साधारण एकच. समुपदेशनाचे पैसे बहुतेक वेळा लोक खिशातूनच भरतात, आणि ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्यांचाच खिसा रिकामा असतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. मेसेजमध्ये हा निकाल ठळक अक्षरांत असतो. त्यातली अट मात्र गाळलेली असते: ही व्यक्ती पात्र हवी आणि तिने बाल व किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. टीवायच्या सहा पेपरांतून ते प्रशिक्षण होत नाही. मीच ते पेपर शिकवते, मला माहीत आहे.

बीए होताच काउन्सेलिंग सुरू करता येतं, हा दावा सगळ्यात घातक. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. आजवरचा रस्ता असा: पदवी, मग एमए, मग भारतीय पुनर्वसन परिषदेची (अशा व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेलं, देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करायला लावणारं दोन वर्षांचं एमफिल आणि त्यानंतर नोंदणी. आता या अभ्यासक्रमांची नावं आणि रचना बदलते आहे, पण नुसत्या बीएवर ते बिरूद मिळत नाही. नोंदणीशिवाय तसा व्यवसाय केला तर परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘काउन्सेलर’ या शब्दावर इतका कडक पहारा नाही, म्हणून एकवीस वर्षांची मुलं इन्स्टाग्रामवर पाटी लावून बसतात. समोर आत्महत्येचे विचार येणारा माणूस बसला, तर त्यांनी काय करायचं? त्या माणसाचंही नुकसान, त्या मुलाचंही.

आता पैशाचा हिशोब. वर्षाला तीन लाख फी, तीन वर्षं, म्हणजे नऊ लाखांचं कर्ज, व्याज साडेदहा टक्के धरू. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं सवलतीचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. ते न भरल्यास सरळव्याजानेही २ लाख ८३ हजार ५०० रुपये होतात आणि मुद्दलात मिसळतात. पुढे दहा वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता जवळजवळ १६,००० आणि एकूण भरणा १९ लाखांच्या वर. बीएनंतर एचआरमध्ये, कॉल सेंटरमध्ये किंवा शाळेत शॅडो टीचर (विशेष गरज असलेल्या मुलासोबत वर्गात बसणारी मदतनीस) म्हणून लागलेल्या मुलीच्या हातात महिन्याला वीस हजार आले असं धरा. उरले चार हजार. त्यातून पुण्यात कॉटबेसिसचं भाडं तरी निघेल का? आणि खरी अडचण पुढे आहे. एमए करायचं तर हाताशी पैसा नाही आणि आधीचं कर्ज डोक्यावर.

सरकार व्याज भरतं, हे अर्धसत्य आहे. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत मिळू शकते, तीही हप्ते सुरू होईपर्यंतच. संस्था त्या यादीत आहे का, एवढं आधी बघा.

मेसेजच्या शेवटी ‘घरबसल्या ऑनलाइनही करा’ असं असतं. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत.

म्हणजे हा विषय घेऊच नये का? जरूर घ्यावा. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची वर्षाची फी काही हजारांत असते. स्पेशलला मानसशास्त्र घ्या, संख्याशास्त्र मनापासून शिका, सुट्टीत एखाद्या संस्थेत काम करा. कर्ज काढायचंच असेल तर ते एमए आणि त्यापुढच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा, कारण चिकित्सेच्या वाटेवर कमाईचं दार तिथे उघडतं. मुलगी पदवीवर थांबून एचआर किंवा स्पर्धा परीक्षेकडे वळली, तरी तिच्या डोक्यावर हप्ता नसेल. आणि मोठ्या नावाच्या विद्यापीठातच जायचं ठरलं असेल, तर फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयात विचारा: मागच्या वर्षी बीए मानसशास्त्र झालेल्यांपैकी किती जण नोकरीला लागले, कुठे आणि किती पगारावर? उत्तर लेखी मागा.