मामा रिटायर झाले, जागा भरली नाही

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर मी आमच्या केमिस्ट्री लॅबमधल्या आय-वॉशचा दांडा दाबून पाहिला. डोळ्यात काही उडालं तर धुवायला कारंज्यासारखं जे बेसिन असतं, ते. आधी तांबूस पाणी आलं, मग घरघर करत हवा आली, मग काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हाचं प्लॅस्टिक एका बाजूला अजून चिकटलेलं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी नोकरीला नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. टी. वाय.चं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल चालू होतं. एका मुलाला ओळखायला अमाइड नावाच्या प्रकारातलं संयुग आलं होतं. कॉस्टिक सोडा घालून परीक्षानळी उकळायची आणि अमोनियाचा वास येतो का बघायचं, इतकं साधं काम. त्याने नळीचं तोंड शेजारच्या मुलीकडे धरलं होतं. द्रावण एकदम उसळलं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. तिचा गॉगल कपाळावर होता.

ती किंचाळली आणि मी धावले ते कपाटाकडे. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात मागे तक्ता असतो ना, डोळ्यात अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं रसायन, गेल्यास बोरिक ॲसिडचं सौम्य द्रावण, तोच माझ्या डोक्यात. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप, किल्ली ऑफिसात. मी कुलपाशी झटत होते तोवर आमच्या लॅब अटेंडंट मामांनी तिला मानेला धरून बेसिनपाशी नेलंसुद्धा होतं. नळाच्या रबरी पाइपातून बारीक धार सोडली, दोन बोटांनी तिच्या पापण्या उघड्या धरल्या. "पोरी, डोळा मिटू नको. रड, ओरड, पण मिटू नको." आणि मला म्हणाले, "मॅडम, औषध राहू द्या. घड्याळ बघा, पंधरा मिनिटं झाली की सांगा."

सहाव्या-सातव्या मिनिटाला ती म्हणाली, मामा, आता बरं वाटतंय. मामांनी सोडलं नाही. अल्कली ॲसिडपेक्षा वाईट, ती डोळ्याच्या आत मुरत जाते. हे मी एम. एस्सी.ला वाचलेलं होतं, पण त्या क्षणी ते मामांच्या बोटांत होतं, माझ्या नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "किती वेळ धुतला?" डोळा वाचला.

मामा दहावी शिकलेले. त्यांना हे त्यांच्या आधीच्या अटेंडंटने शिकवलं होतं. आता मामा रिटायर होऊन काही वर्षं झाली. त्यांची जागा भरली गेली नाही. तीन लॅबना मिळून एक कंत्राटी मुलगा आहे. चांगला, कामसू मुलगा आहे, पण दर अकरा महिन्यांनी माणूस बदलतो. सोडियम कुठल्या कपाटात ठेवलाय हे त्याला कळेपर्यंत त्याची मुदत संपते.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी 23 वर्षांची एक संशोधन साहाय्यक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजमध्ये ओढत होती. हवा लागताच पेटणारं रसायन. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला आणि तिच्या सिंथेटिक स्वेटरने पेट घेतला. अंगात ॲप्रन नव्हता. अशा वेळी अंगावर पाणी सोडायचा सेफ्टी शॉवर त्याच खोलीत होता, पण तिला त्याखाली कुणी नेलं नाही. 16 जानेवारीला ती गेली. जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात, शॉवर खोलीत असताना! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे मामा आठवले. तिथे तेव्हा असा एक माणूस हवा होता, ज्याचे हात विचार करायला थांबत नाहीत.

बरोबर वर्षाने, 29 डिसेंबर 2009 ला, आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक विद्यार्थी गेले. 5 डिसेंबर 2018 ला बंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, स्फोट झाला, त्यात एक संशोधक गेला आणि तिघे जखमी झाले. या काही आडगावच्या संस्था नव्हेत.

आणि दिल्लीचं मायापुरी प्रकरण. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 असलेलं गॅमा किरणांचं एक जुनं यंत्र 1985 पासून नुसतं पडून होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. माणसं आजारी पडायला लागली तेव्हा, एप्रिलमध्ये, उलगडा झाला. एक कामगार मेला. ज्याने कधी विद्यापीठाची पायरी चढली नसेल, असा माणूस विद्यापीठाच्या अडगळीमुळे मेला, हे मला फार लागतं. यंत्रात काय आहे हे सांगणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. आमच्या मागच्या स्टोअरमध्ये लेबल झडलेल्या बाटल्या आहेत. त्यात काय आहे ते मामांना माहीत होतं. मी तीन वेळा लेखी मागणी केली आहे की सगळ्यांची यादी करायला माणूस द्या.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते आमच्याकडे वेळेवर होतं, सिलिंडरवर तारखेचं लेबल असतं. पण परवा मी एस. वाय.च्या वर्गात विचारलं, सोडियमने पेट घेतला तर काय टाकाल? वीस-बावीस मुलं म्हणाली, पाणी. पाण्याने सोडियम अजूनच भडकतो. कोरड्या वाळूची बादली त्यांच्या पायाशी होती. तिच्यात कागदाचे बोळे पडलेले होते.

मॉक ड्रिलही होतं. सकाळी अकराला, आधी नोटीस लावून, मैदानावर, लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवून. ते होऊ दे, त्यालाही किंमत आहे. पण आग संध्याकाळी साडेसहाला लागली, लॅबमध्ये एकटी पीएच. डी.ची मुलगी असली, तर? 101 ला फोन लावल्यावर ती पत्ता काय सांगेल? आमचं मागचं गेट पाचला बंद होतं. पुढच्या वळणावर दुचाक्या लावलेल्या असतात, बंब वळणार नाही. वॉचमनला गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे कुणी दाखवलेलं नाही. लॅबच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, कारण कधीकाळी चोरी झाली होती.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. लॅब अटेंडंटची जागा ही सुरक्षेची जागा आहे आणि ती कायम माणसाने भरा. जुना माणूस रिटायर व्हायच्या आधी सहा महिने नवा माणूस त्याच्या हाताखाली द्या. प्रॅक्टिकल चालू असताना मागच्या दाराला कुलूप नको, प्रथमोपचाराच्या पेटीलाही नको. आणि वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला जर्नल लिहून घेण्याआधी प्रत्येक मुलाने डोळे मिटून आपल्या जागेवरून आय-वॉशपर्यंत चालत जाऊन दाखवावं. डोळ्यात काही गेल्यावर तो असाच जाणार आहे. दहा सेकंदांत पोचला पाहिजे. यासाठी निधी लागत नाही, एक दुपार लागते.

माझ्या विभागापुरतं मी सुरू केलंय. प्लंबर येऊन गेला, आय-वॉशचा पाइप मागे जोडलेलाच नव्हता नीट, तो बदलला. दर सोमवारी दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं आणि वहीत सही करायची, असं ठरवलंय. तुमच्या कॉलेजात कुणी हे करत असेल तर कसं करता ते कमेंटमध्ये लिहा, मला खरंच हवंय.

काल मामांना फोन केला. म्हटलं, नव्या बॅचच्या पहिल्या प्रॅक्टिकलला येऊन मुलांना दाखवाल का? लगेच हो म्हणाले. गुडघे दुखतात, पण रिक्षाने येतो म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "मॅडम, त्या पेटीची किल्ली अजून ऑफिसातच असते का हो?"