मॅमोग्राफीचा रिपोर्ट आधी कुणाच्या हातात पडतो?

तपासण्यांच्या रिपोर्टविषयीच्या एका लेखात ‘रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर जावा’ असं म्हटलंय. जावाच, पण मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रे तपासणीत) गोंधळ होतो तो रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतल्या बायरॅड्सच्या, म्हणजे निष्कर्षाची श्रेणी सांगणाऱ्या, आकड्यामुळे. ‘बायरॅड्स ०’ वाचून कुणी निर्धास्त होतं, कुणी हादरतं. खरं तर ० म्हणजे तपासणी अपुरी: जास्तीचे व्ह्यू (वेगळ्या कोनांतून फिल्म), सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना बाकी आहे. म्हणून जुन्या फिल्म आणि सीडी पहिल्याच दिवशी न्याव्यात, काही शून्यं तिथंच टळू शकतात. ३ असेल तर कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा कमी, सहसा ६ महिन्यांनी फेरतपासणी. ४ आला की सहसा बायोप्सी (तुकडा काढून तपासणी). पण ४ मध्ये कॅन्सरच्या शक्यतेचा २ पासून ९५ टक्क्यांपर्यंतचा पल्ला येतो, त्यामुळे ४ए (शक्यता कमी), ४बी (मध्यम) की ४सी (जास्त) हे विचाराच.

आपल्याकडे रिपोर्टचं पाकीट बरेचदा नातेवाइकाच्या हाती देतात आणि बाईला सांगतात, “काही नाही, छोटी गाठ आहे.” हे फार चुकीचं आहे. ४ किंवा ५ (कॅन्सरची दाट शक्यता) असेल तर रेडिओलॉजिस्टने पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा, आणि बाईला समोर बसवून पुढची तारीख द्यावी. नुसतं ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ (म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहावे) लिहून पाकीट बंद केलं, की ते कपाटात राहतं.