पॅड लागत नाही हो काका!

शिक्का बिघडवला एकाने, पैसे द्यायला नकार दिला दुसऱ्याने, आणि भुर्दंड बसला मला, शिक्के बनवणारीला. कालची गोष्ट आहे, अजून डोक्यातून जात नाहीये.

गिऱ्हाईक म्हणजे एक क्लासवाले सर. त्यांना स्वतःच्या फोटोचा शिक्का हवा होता, खाली 'शाब्बास!' लिहिलेला, पोरांच्या वह्यांवर मारायला. फोटो काय पाठवला तर कुणाच्या तरी लग्नातला, फेटा आणि गॉगलवाला, तोही स्टेटसचा स्क्रीनशॉट. मी म्हटलं सर, साधा समोरून काढलेला पाठवा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटोचा पार चोथा करतं. तो आला, तर लगेच मागून मेसेज, "ताई, जरा उजळ करता येईल का?"

इथंच सगळ्यांचं घोडं अडतं. शिक्क्याला दोनच गोष्टी कळतात, शाई नाहीतर कोरा कागद. गालावरची सावली दाखवायची तर ठिपके पाडायचे, आणि एवढ्याशा गोलात ठिपके फार बारीक झाले की शाई पसरून नुसता राडा. उजळ करायचं म्हणजे ठिपके काढून टाकायचे. सरांना अजून थोडं उजळ केलं असतं ना, तर वहीवर फक्त चष्मा आणि मिशी उमटली असती.

तरी केला बाई छान. ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढायची, ती फोमवर ठेवून मशीनमध्ये फ्लॅश मारायचा. जिथं काळं छापलंय तिथली बारीक छिद्रं उघडी राहतात, बाकीचा फोम उष्णतेनं बंद होतो. मग त्या फोममध्येच तेलाची शाई सोडायची, म्हणजे वेगळं पॅड लागत नाही, आणि ती मुरेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणंच कुणाला जमत नाही.

दुकानात तेव्हा एक काका बसलेले. महसूल खात्यातनं अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, गावभागातल्या त्यांच्या सोसायटीचा गोल शिक्का न्यायला आलेले. शिक्का केव्हाच हातात दिला होता, पण पंख्याखालची खुर्ची मिळाल्यावर कोण उठतंय! आधीच रागावलेले होते, कारण मी सोसायटीच्या लेटरहेडवर सहीचं पत्र मागितलं होतं. ते मागावंच लागतं ओ. कोण कशाचा शिक्का करायला येईल सांगता येत नाही, मध्ये एकजण कसल्यातरी संघटनेचा अध्यक्ष म्हणून आला, त्याला शिक्क्यात अशोकस्तंभ पाहिजे होता. २००५ चा कायदा आहे त्यावर, असं कुणालाही वापरता येत नाही म्हटलं, तर मलाच म्हणतो "तुम्हाला धंदा करायचाच नाही."

असो. काका.

"पोरी, २०१९ च्या महापुरात आमचं सगळं दप्तर भिजलं. पण शिक्के? जिथल्या तिथं. का? मारणारा हात पाहिजे." पॅडची शाई पाण्याची असते, पाण्यात सगळ्यात आधी तीच पसरते, पण मी बोलले नाही. "आमच्या टायमाला शिक्क्याचा आवाज यायचा. साहेबाला आत बसून कळायचं कुठल्या टेबलावर काम चाललंय आणि कुठल्या नाही."

तेवढ्यात सर आले. मी शिक्का पुढं केला तो काकांनीच मधल्यामध्ये घेतला, चष्मा कपाळावर चढवून बघितला.

"हे कोण?"

"मी," सर म्हणाले.

काकांनी सरांकडं बघितलं, शिक्क्याकडं बघितलं. "नाही वाटत."

"उलटं दिसतंय ना ते काका, कागदावर सुलटं येतं," मी.

"ते कळतंय गं. पदनाम कुठाय?"

"शाब्बास लिहिलंय की खाली."

"शाब्बास हे पदनाम आहे? कोण म्हणतंय शाब्बास, कुठल्या अधिकारात म्हणतंय, तारखेला जागा कुठाय? उद्या पोरगं नापास झालं आणि बापानं ही वही पुढं केली, तर?"

सर चक्क विचारात पडले! आणि मी "काका, त्याला पॅड लागत नाही" म्हणेपर्यंत त्यांनी टेबलावरचं माझं जुनं जांभळं पॅड उघडलं, शिक्का त्यात दोनदा आपटला आणि बिलबुकावर असा हाणला की शाईची बाटली कलंडली. फ्लॅशचा शिक्का अलगद टेकवायचा असतो. वर त्यात पॅडची शाई गेली, म्हणजे फोम संपला. बिलबुकावर अर्धे सर काळे, अर्धे जांभळे, आणि खाली 'शा स'.

"हां," काका म्हणाले, "आता आला आवाज."

मला वाटलं सर आता काकांना धरतील. तर सर माझ्याकडं वळून म्हणतात, "ताई, क्वालिटी काय बरोबर वाटत नाही." मग बोलता बोलता कळलं, काकांचा नातू सरांच्याच क्लासला आहे. फी काकाच भरतात. दोघं हसत हसत बाहेर चहाला गेले. जाताना सर सांगून गेले, दुसरा करून ठेवा, आवडला तर पैसे देतो. आवडला तर! पोरांची फी घेताना हाच माणूस वर्षाची आधी घेतो, निकाल बघून नाही घेत.

फोम गेला, शाई गेली, बिलबुक गेलं. दुसरा करून ठेवलाय, झाकणावर 'पॅड लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवून. सर अजून आलेले नाहीत. फोन मात्र सकाळीच आला, काकांचा. सोसायटीचा शिक्का मारताना आवाज येत नाही म्हणे, बदलून दे.

बदलून मिळणार नाही. आणि ती पंख्याखालची खुर्ची मी आत नेऊन ठेवलीय.