कॉन्सेप्टमध्ये असं नव्हतं

गाडी घ्यायची नाही, पण गाड्यांतलं यालाच कळतं असं साताऱ्यात नाव व्हावं, अशी इच्छा असेल तर एकच वाक्य पाठ करा: "कॉन्सेप्टमध्ये असं नव्हतं." कॉन्सेप्ट म्हणजे कंपनी प्रदर्शनात नुसती दाखवायला मांडते तो गाडीचा नमुना. पोवई नाक्यावर चहा पीत उभं राहायचं. हार घातलेली, नारळ फोडलेली नवी गाडी समोरून गेली की तिच्याकडे अर्धवट बघत हे म्हणायचं. मालकाला ऐकू जाईल, पण त्याच्याशी बोललात असं वाटणार नाही, एवढ्याच आवाजात.

जोडीला थोडा इतिहास हवा. १९३८ साली जनरल मोटर्सच्या हार्ले अर्ल यांनी ब्युइक वाय-जॉब घडवून घेतली. पहिली कॉन्सेप्ट कार म्हणून तिचंच नाव घेतात. झाकले जाणारे दिवे, बटणावर चालणाऱ्या काचा, सगळा थाट. ती विक्रीला कधी आलीच नाही. अर्लसाहेब स्वतःच ती वर्षानुवर्षं फिरवत होते. म्हणजे हा प्रकार पहिल्या दिवसापासून तुमच्या-माझ्यासाठी नव्हताच. पण हे नाक्यावर बोलू नका, आपलंच दुकान बसेल.

सुरुवात चाकांपासून करावी. २०१८च्या ऑटो एक्स्पोत, म्हणजे दिल्लीकडच्या गाड्यांच्या प्रदर्शनात, टाटांनी एचफाइव्हएक्स ही कॉन्सेप्ट मांडली आणि २०१९च्या जानेवारीत तिचीच हॅरियर होऊन आली. अंगकाठी बरीचशी तीच, म्हणून तिकडे बघायचं नाही. मंचावरची चाकं कमानी भरून उरणारी होती, विकायला आली ती १७ इंचांवर. "पैलवानाला पोराची चप्पल" असं म्हणा, लोक हसतात. रिम मोठी झाली की टायरची बाजूची भिंत बुटकी होते आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं जाताना न दिसलेला एकच खड्डा त्या रिमला पुरतो, हे सांगणारा पंक्चरवाला नेमका शेजारीच उभा असतो. त्याच्या चहाचे पैसे तुम्ही द्या. गप्प बसतो.

मग आरसे. कॉन्सेप्टला आरशांऐवजी काडीएवढे कॅमेरे असतात. नंबर प्लेटला धड जागा नसते. वायपर बहुतेक वेळा नसतोच, कारण प्रदर्शनाच्या मांडवात पाऊस पडत नाही. पुढच्या-मागच्या दारांमधला खांबही बऱ्याचदा नसतो. दारं कपाटासारखी समोरासमोर उघडतात आणि बघणारा गार होतो. बाजूनं धडक बसली तर मार झेलणारा तोच खांब, पुढच्या माणसाचा सीटबेल्टही त्यालाच अडकवलेला. तेव्हा एका दमात दोन तक्रारी करायच्या: खांब का घातला, आणि सेफ्टीला स्टार कमी का पडले. दोन्ही गोष्टी एकत्र कशा मिळतील, हे इंजिनिअरनं बघावं. आपण ग्राहक आहोत. म्हणजे, होणार आहोत.

काळ्या काचांबद्दल फार खोलात जाऊ नये. कित्येकदा आत बघण्यासारखं काही नसतं म्हणूनच त्या काळ्या असतात. पुष्कळ कॉन्सेप्ट गाड्या मंचावर पायी चालण्याच्या वेगानं सरकण्यापुरत्याच बनवलेल्या. काही तर ढकलत आणतात. खंबाटकी घाट त्यांच्या पत्रिकेतच नसतो.

"शेपूट का छाटली?" हा प्रश्न हुकमी आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर जीएसटी १८ टक्के, हद्द ओलांडली की ४०. म्हणजे शेपूट तुमच्याच खिशासाठी छाटलेली असते. पण खिसा तुम्ही काढणारच नाही आहात, तेव्हा हळहळायला हरकत काय?

खरी पंचाईत महिंद्रांनी केली. २०२२च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये बीई.०५ ही कॉन्सेप्ट दाखवली आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आणलेली बीई ६ जवळजवळ तशीच्या तशी! असं कोण वागतं? मला दोन दिवस चहा गेला नाही. मग सुचलं, तुम्हीही टिपून ठेवा: "यात नवीन काय? दोन वर्षांपूर्वीच बघितलीय."

प्रेम मात्र न आलेल्या गाडीवर करावं. टाटांची रेसमो, २०१७, जिनिव्हाचं प्रदर्शन. दोन सीटांची, देखणी, आणि बाजारात आलीच नाही. तिचं मायलेज कधी घसरलं नाही, सर्व्हिसिंगचं बिल कुणाला आलं नाही. माझी सर्वांत आवडती गाडी तीच.

गेल्या आठवड्यात धाकट्या मेव्हण्यानं टाटांची पंच गाडी घेतली. मी तयारीत होतो: २०१९ला जिनिव्हात एचटूएक्स कॉन्सेप्ट, २०२०ला दिल्लीकडे एचबीएक्स कॉन्सेप्ट, २०२१च्या ऑक्टोबरात ही, तीन टप्प्यांत काय काय गळालं त्याची यादी तोंडपाठ. तेवढ्यात त्यानं कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला. "दाजी, पुढं बसा. कासला जाऊन येऊ." तोंडात पेढा, त्यामुळं वाक्य राहून गेलं. घाटात बोलू म्हटलं, तर यवतेश्वरच्या वर पाऊस लागला आणि त्यानं वायपर चालू केला.