जंगलातलं करिअर वनरक्षक भरतीपुरतं नाही

‘डोंगरातल्या पोरांनी जंगलाच्या नादाला लागू नये. वनरक्षकाच्या जागा निघतील तेवढंच करिअर. वनहक्क म्हणजे झाडं तोडायचा परवाना, आणि वणवेही हीच माणसं लावतात.’ हा मजकूर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. राधानगरी, शाहूवाडीकडची मंडळीही तो डोळे झाकून पुढं ढकलतायत, म्हणून हे उत्तर.

आधी परवान्याचं. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तिथले हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन विकता येत नाही, ती वारसांकडेच जाते. साऱ्या गावाला मिळून सामूहिक हक्क मिळाला की जंगल राखायची जबाबदारी ग्रामसभेवर येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला. त्यांनी बांबू विकला, जंगल नाही.

वणव्याचं म्हणाल, तर कोवळं गवत यावं म्हणून सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, काडी टाकणारे आहेत, खोटं कशाला बोलू? पण नरक्याचं झाड तोडून नेणारे कोण? त्यातलं द्रव्य कॅन्सरच्या औषधाला लागतं, मागणी बाहेरची. कुठल्या घळीत तो अजून उभा आहे, हे रोज गुरं घेऊन जाणाऱ्याला ठाऊक असतं.

आता करिअर. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. पुढं एमपीएससीची वनसेवा, यूपीएससीची भारतीय वनसेवा. जागा मोजक्याच, कबूल. पण भरतीबाहेरचं काम या मजकूरवाल्याच्या गावीही नाही. वनहक्काचे दावे तयार करायचं कामच घ्या. आपल्याकडचे गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळं दावा करताना १३ डिसेंबर २००५ च्या मागं तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. नावावर सातबारा नसलेल्या धनगरवाड्यानं तो दाखवायचा कसा? या कायद्याच्या नियमांतला नियम १३ काढून वाचा. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा, म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. ते हुडकायचं, जीपीएसवर नोंदवायचं, नकाशा करायचा, ग्रामसभेत मंजूर करून उपविभागीय समितीकडं धाडायचं. हक्क पदरात पडला की व्यवस्थापन आराखडा, वणवा अडवायला जाळरेषा, हिरड्याचा हिशेब, वाहतूक परवाने. याला शिकलेला माणूस लागतो, आणि रान त्याच्या पायाखालचं असावं लागतं.

या कामात पैशाचं मात्र खरंच बेभरवशाचं आहे. बऱ्याचदा संस्थेचा प्रकल्प संपला की मानधन बंद. मजकुरात एवढंच लिहिलं असतं तर मी वाद घातला नसता.